अजान होते तेव्हा अम्मी कुठे असते?

रमजान जवळ आला की आपल्या मोबाईलवर सरबतांचा पूर येतो. कालिंगडाच्या फोडी, दूध, लाल सिरप, बर्फाची लादी आणि मोठ्या पातेल्यात फिरणारा डाव. दिल्लीच्या जामा मशिदीजवळचं ‘मोहब्बत का शरबत’ असो की मुंबईत मिनारा मशिदीच्या गल्लीतला फालुदा, आपण रील बघतो, मित्राला पाठवतो, ‘चलो इस संडे’ म्हणतो. या सगळ्या रील्समध्ये एक गोष्ट सारखी असते आणि ती मला कित्येक वर्षं दिसलीच नव्हती. सरबत बनवणारा नेहमी पुरुष असतो.

आता आपापल्या घरातलं सरबत आठवा. ते कोण बनवतं?

बाजारात पैसे मिळतात तिथे कालिंगड कापणं, लिंबू पिळणं, पातेलं ढवळणं हे पुरुषाचं काम. घरात पैसे मिळत नाहीत तिथे तेच काम बाईचं. म्हणजे ‘हे काम आम्हाला जमत नाही’ ही सबब खोटी आहे. आपल्या हातांना ते जमतं. फक्त घरात करायचं नसतं.

पुढे मी सरबताची कृतीही देणार आहे. ती मुद्दाम मुलांसाठी, नवऱ्यांसाठी, भावांसाठी लिहिली आहे. माझं म्हणणं एवढंच: यंदाच्या पहिल्या रोजापासून इफ्तारचं सरबत घरातल्या पुरुषांनी बनवायचं. मदत म्हणून बनवायचं नाही. आपलं काम म्हणून बनवायचं.

लॉकडाऊनमध्ये जे दिसलं

हे मला कुणा पुस्तकाने शिकवलं नाही. मी मिरजेचा. इंजिनिअरिंग झाल्यापासून पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीत. रमजानमध्ये माझा इफ्तार कधी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये, कधी मशिदीत, कधी मित्रांच्या फ्लॅटवर. घरी गेलोच तर शनिवार-रविवार, आणि तेव्हाही पाहुण्यासारखा. दस्तरखान अंथरलेला असायचा, ग्लास भरलेले असायचे, आपण जाऊन बसायचं.

२०२० मध्ये लॉकडाऊन लागला आणि मी लॅपटॉप घेऊन मिरजेला आलो. त्या वर्षी भारतात रमजान २५ एप्रिलला सुरू झाला. मशिदी बंद, इफ्तार पार्ट्या बंद. आयुष्यात पहिल्यांदा मी पूर्ण महिनाभर घरातल्या घरात इफ्तार केला. माझं टेबल स्वयंपाकघराच्या दारासमोर होतं.

पहिल्या आठवड्यातली गोष्ट. सातला दहा मिनिटं कमी होती. अब्बा, मी आणि धाकटा भाऊ दस्तरखानावर बसलेलो. अम्मी ओट्याशी उभी. एका हाताने भजी काढत होती, दुसऱ्या हाताने सरबताचं पातेलं ढवळत होती. अजान झाली. आम्ही खजूर तोंडात टाकला. भावाने सरबताचा घोट घेतला आणि आतल्या दिशेने ओरडला, “अम्मी, शक्कर कम है.”

मी सहज मागे वळून पाहिलं. अम्मीने गॅस बारीक केला, माठातलं पाणी पेल्यात घेतलं, उभ्या उभ्या दोन घोट प्यायली आणि साखरेचा डबा उघडला. तिने तोच इफ्तार केला होता. माझ्या तिशीपर्यंतचे तिचे किती इफ्तार असे झाले असतील याचा हिशेब मी त्या रात्री करायला बसलो आणि मधेच सोडून दिला.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. साखर कमी का होती? कारण बनवणारीलाही रोजा होता. आपण ज्याला ‘अम्मीच्या हाताची चव’ म्हणतो, तो महिनाभर न चाखता केलेला अंदाज असतो. जिभेच्या टोकावर चाखून थुंकायला गरजेपुरती मुभा आहे असं उलेमा सांगतात, पण घाईत तेही होत नाही. आणि आपण पहिल्याच घोटात निकाल देतो.

ज्या दिवसांत बाईला रोजा माफ असतो त्या दिवसांचं तर बोलायलाच नको. घरातल्या पुरुषांना कळू नये म्हणून ती दाराआड पाणी पिते, रोजा असल्यासारखी वावरते आणि संध्याकाळचं पातेलं तिच्याच हाताखाली असतं. ज्या सवलतीबद्दल दीनने तिला संकोच करायला सांगितलं नाही, त्याबद्दल आपल्या घरांनी तिला संकोच शिकवला.

तिच्या दुआची वेळ

मगरिबच्या आधीची पंधरा-वीस मिनिटं म्हणजे काय असतं, हे आपल्याला लहानपणापासून सांगितलेलं आहे. दिवसभर उपाशी राहिलेला बंदा हात उचलून मागतो, ती वेळ कबुलियतची. आपण टोपी सरळ करून बसतो. परीक्षा, नोकरी, व्हिसा, लग्न, सगळं मागून होतं. त्याच वीस मिनिटांत अम्मी, बहीण, बायको, भाभी काय करत असतात? तळत असतात, कापत असतात, ढवळत असतात. रोजा तिचाही तेवढाच आहे, पण त्या रोजाची सगळ्यात मोलाची वेळ ती आपल्या ग्लासासाठी खर्च करते. त्यातून निघालेल्या सरबतावर आपण बिस्मिल्लाह म्हणतो.

आमच्या कामाच्या भाषेत सांगतो. ऑफिसमध्ये कुठलीही सिस्टीम एकाच माणसावर उभी असेल तर आम्ही तिला धोकादायक मानतो. रात्रीच्या ऑन-कॉलला रोटेशन असतं. एकाला सलग दोन आठवडे लावले तर मॅनेजरला मेल जातो. त्याच ऑफिसातून घरी आल्यावर आपण एका उपाशी बाईला तीस दिवस सलग ऑन-कॉल ठेवतो. रोज संध्याकाळी, मिनिटाचाही उशीर न चालणारं काम, बॅकअप कुणी नाही, सुट्टी नाही, आणि वर ‘शक्कर कम है’ अशी तक्रार. याला आपण बरकत म्हणतो.

‘तिला सवाब मिळतो ना’

ही चर्चा मी जिथे जिथे काढली तिथे पहिलं उत्तर हेच आलं. रोजेदाराला इफ्तार करवणाऱ्याला रोजेदाराइतकाच सवाब मिळतो, अशी हदीस तिर्मिजीत आहे. खरं आहे. मग माझा साधा प्रश्न: एवढा मोठा सवाब तुम्ही एकट्या अम्मीला का देऊन टाकलात? पहिल्या सफसाठी धावणारे आपण, या सवाबाच्या बाबतीतच इतके दिलदार कसे झालो?

दुसरं उत्तर: ‘हे फेमिनिझमचं खूळ आहे, आपल्यात असं नसतं.’ बुखारीत हजरत आयशा (र.) यांना विचारलेला एक प्रश्न आहे: प्रेषित (स.) घरी असताना काय करत? त्यांनी दिलेल्या उत्तराचा मतलब असा, की ते घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की नमाजला निघत. इथे क्रमही बघण्यासारखा आहे. घरातलं काम आणि मग नमाज. आपल्याकडे नमाजचं निमित्त सांगून घरातलं काम टाळलं जातं. दाढी, मिस्वाक, उजव्या हाताने पाणी पिणं, या सुन्नतींवर आपले व्हॉट्सअॅप ग्रुप रात्रभर वाद घालतात. ही सुन्नत कुणी फॉरवर्ड केलेली मला आठवत नाही.

तिसरं उत्तर सुशिक्षितांचं असतं: ‘समाजावर एवढी मोठी संकटं आहेत आणि तू सरबतावर लिहितोस?’ मोठ्या प्रश्नांवर लिहायलाच हवं. आपण त्यांच्यावर बैठकाही घेतो. संविधानाच्या कलम १४ वर, कायद्यापुढच्या समानतेवर, तासतासभर बोलतो. त्या बैठकीत आतून चहा कोण पाठवतं? सर्वधर्मीय सद्भाव इफ्तारच्या फोटोत हिंदू, मुस्लिम, शीख, ख्रिस्ती सगळे एका दस्तरखानावर असतात. बहुतेक फोटोंत सगळे पुरुष असतात. ज्या बायकांनी फळं कापली त्या फोटोच्या चौकटीबाहेर राहतात. समानता आपण शासनाकडे मागतो, मागायलाच हवी. पण ती आपल्या ओट्यापर्यंत पोचली नसेल तर मागणाऱ्याचा आवाज कच्चा पडतो.

साखरेचा दोष कुणावर?

आता ग्लासात काय असतं ते बघू. बहुतेक घरांत बाटलीतलं लाल सिरप किंवा पाकिटातली पावडर. बाटली उलटी करून घटकांची यादी वाचा. वजनाने जे सर्वात जास्त, त्याचं नाव आधी लिहायचा नियम आहे. पहिल्या क्रमांकावर बहुधा साखर दिसेल. त्यावर आपण वरून आणखी साखर घालतो. काही घरांत तर थेट कोल्ड्रिंकच. अशा साध्या ३०० मिलिलिटर कोल्ड्रिंकमध्ये ३० ग्रॅमच्या आसपास साखर असते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलेली मर्यादा अशी: वरून घातलेल्या साखरेतून दिवसभरातल्या ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी, आणि शक्य असेल तर ५ टक्क्यांपेक्षाही कमी ऊर्जा यावी. २००० कॅलरी खाणाऱ्या माणसासाठी याचा अर्थ जास्तीत जास्त ५० ग्रॅम, आणि चांगलं म्हणजे २५ ग्रॅम, साधारण सहा चमचे. दोन ग्लास लाल सरबत, वर जिलेबी, रात्री तरावीहनंतर फालुदा, मग हिशेब तुम्हीच करा. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे आणि त्याच्या उंबरठ्यावर आणखी १३ कोटींहून जास्त लोक आहेत. आपल्या प्रत्येक खानदानात एक ‘शुगरवाले चाचा’ आहेत, ते उगीच नाहीत.

दर रमजानला डॉक्टरांची व्हिडिओ येतात: तळलेलं कमी करा, सिरप बंद करा, ताजी फळं वापरा. सल्ला बरोबर आहे. पण तो पोचतो कुणाकडे? अब्बा तो व्हिडिओ अम्मीला फॉरवर्ड करतात. म्हणजे आरोग्य सांभाळण्याचं नवीन कामही तिच्याच अंगावर. सिरप वापरलं जातं कारण ते दोन मिनिटांत होतं, आणि एकटी बाई सात पदार्थ करत असेल तर तिच्याकडे तेवढीच दोन मिनिटं असतात. फळ धुवायला, सोलायला, बिया काढायला वेळ लागतो. तो वेळ दिवसभर उपाशी असलेल्या त्याच दोन हातांकडून मागणं हा अन्याय आहे. घरात आणखी दोन-चार रिकामे हात बसलेले आहेत, आणि बहुतेक वेळा त्या हातांत मोबाईल असतो.

म्हणून ज्याला दस्तरखानावर सिरपऐवजी फळ हवं असेल, त्याने ते स्वतः कापावं.

घ्या, ही कृती

पहिली कृती सगळ्यात सोपी आणि सगळ्यात जुनी: नबीज. अरबस्तानात खजूर किंवा बेदाणे पाण्यात भिजवून ते गोड पाणी प्यायचे. प्रेषितांसाठी (स.) सकाळी भिजवलेलं संध्याकाळी आणि रात्री भिजवलेलं सकाळी दिलं जाई, असं हजरत आयशा (र.) यांच्याकडून मुस्लिमच्या हदीससंग्रहात आलं आहे. आपल्याला यासाठी लांब जायला नको. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे आणि तासगावची बाजारपेठ बेदाण्यासाठीच ओळखली जाते.

सहरीला उठलात की दोन मुठी बेदाणे नीट धुवा. किंवा आठ-दहा खजूर धुऊन बिया काढा. एक लिटर पिण्याच्या पाण्यात टाका, झाकण लावा, फ्रीजमध्ये ठेवा. काम संपलं, तीन मिनिटं लागली. इफ्तारच्या आधी हाताने किंवा रवीने थोडं घुसळा. गाळू नका, फळ पोटात जाऊ द्या. साखर अजिबात नको. त्याच दिवशी संपवा. जास्त ठेवलं तर आंबतं, आणि आंबलेलं आपल्याला चालत नाही. ‘मी ऑफिसमधून साडेसहाला येतो’ असं म्हणणाऱ्यांसाठी ही कृती आहे. सहरीला तर तुम्ही घरीच असता.

दुसरी कालिंगडाची, पाच-सहा जणांसाठी. कालिंगड विकत आणण्यापासून काम तुमचं. जमिनीला टेकलेल्या बाजूला पिवळसर डाग असलेलं आणि आकाराच्या मानाने जड लागणारं घ्या. कापण्याआधी साल धुवा, नाहीतर वरची घाण सुरीबरोबर आत जाते. दीड किलो गर काढा. त्यातल्या एक तृतीयांश गराच्या बारीक फोडी करून बाजूला ठेवा. उरलेल्या गरातल्या काळ्या बिया निघतील तेवढ्या काढा आणि गर रवीने किंवा पावभाजीच्या मॅशरने कुस्करा. मिक्सर वापरायचाच असेल तर दोन झटके पुरे. बिया वाटल्या गेल्या की चव बिघडते. दोन चहाचे चमचे सब्जा एक कप पाण्यात वीस मिनिटं आधी भिजवा. कुस्करलेल्या गरात सब्जा, फोडी, दहा-बारा पुदिन्याची पानं आणि चिमूटभर काळं मीठ घाला. दोन लिंबं अगदी शेवटी पिळा. साखर नाही, सिरप नाही. कालिंगडात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं, म्हणून वरून पाणीही फारसं लागत नाही. बर्फ घरच्या प्यायच्या पाण्याचा करा.

फेब्रुवारी-मार्चमध्ये नाशिक-सांगलीची द्राक्षं असतात, नागपूरची मृग बहाराची संत्री असतात, जालन्याची मोसंबी मिळते. कोकणातल्या मित्रांकडे घरचं कोकम असतंच. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, त्यामुळे फळही बदलत जाईल. ते शोधणं तुमच्यावर.

एक इशारा. फळाचा गाळलेला रस हाही साखरेचाच प्रकार. जागतिक आरोग्य संघटना त्यालाही त्याच मर्यादेत मोजते. म्हणून गाळू नका आणि घागरभर पिऊ नका. नबीजही गोड आहे. घरात मधुमेही असेल तर रोजा आणि त्याच्या ग्लासातलं प्रमाण, दोन्ही डॉक्टरांना विचारून ठरवा.

‘मदत’ हा शब्द सोडा

माझं पहिलं कालिंगडाचं सरबत खारट झालं होतं. काळं मीठ दोनदा पडलं. चाखता येत नाही म्हणजे काय, हे तेव्हा कळलं. अम्मीने आधी हकललंच होतं, “तू बैठ रे, मैं करती.” बऱ्याच अम्मी असंच म्हणतील. ओटा ही त्यांनी कमावलेली एकमेव जागा आहे, तिथे तुम्ही सांडलवंड करणार हे त्यांना माहीत आहे. त्यांच्या नकाराच्या आड लपू नका. ओटा पुसून द्या, मिक्सरचं भांडं धुऊन ठेवा, दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. चौथ्या दिवशी त्या सुरी तुमच्या हातात देतील.

‘मी बायकोला मदत करतो’ हे वाक्य आपण फार अभिमानाने बोलतो. मदत म्हणजे काम तिचं, उपकार माझे. जबाबदारी म्हणजे फळ संपलंय हे लक्षात ठेवणं माझं, बाजारात जाणं माझं, साल कचऱ्यात टाकणं माझं, ग्लास धुणं माझं. एक दिवस सरबत करून स्टेटस टाकायचा आणि उरलेले एकोणतीस दिवस पुन्हा टोपी घालून बसायचं, असं चालणार नाही.

आणि ज्यांच्या हातात मोहल्ला कमिटी, कॉलेजचा ग्रुप, एखादी संघटना आहे, त्यांनी यंदाच्या एका तरी सामूहिक इफ्तारमध्ये पुरुषांना फळं कापायला बसवावं आणि बायकांना दस्तरखानावर. भाषण एक कमी झालं तरी चालेल.

आमच्या घरी आता भावाकडे कालिंगड आहे, माझ्याकडे नबीज. मी पुण्यात असलो की तो एकटा बघतो. अब्बांनी अजून सुरी हातात घेतलेली नाही, पण गेल्या रमजानपासून ग्लास तेच भरतात. अम्मी अजानच्या दहा मिनिटं आधी दस्तरखानावर येऊन बसते आणि हात उचलते. काय मागते ते मी विचारलेलं नाही. सरबताला अजूनही कधी कधी मीठ जास्त होतं, आणि ते ती आम्हाला सांगतेही.

यंदाच्या पहिल्या रोजाला मगरिबची अजान होईल तेव्हा आधी घड्याळाकडे बघू नका, ओट्याकडे बघा. तिथे कुणी उभं असेल तर तुमचं काम बाकी आहे.